झोक्यावरून दिसलेलं सासर

आमच्या गावच्या पंचमीच्या झोक्याची उंची कुणी मोजलेली नाही. मोजायची तर दोर लागतो, आणि गावातला सगळा दोर त्या दिवशी झोक्यालाच लागलेला असायचा. तरी अंदाजानं सांगते. झोका पुढं गेला की गावातली घरं काड्यापेटीएवढी दिसायची, आणि मागं गेला की पाठीला ढगाचा ओलावा लागायचा. नातवंडांना हे सांगितलं की ती एकमेकांकडं बघून हसतात. हसू देत. फार तर बागेतल्या साखळीच्या पाळण्यावर बूड टेकलेली पोरं ती, त्यांना काय कळणार.

मी आगगाडीत बसले, एसटीत बसले, नातवाच्या फटफटीवर मागं बसून परभणीहून मानवतपर्यंत जाऊन आले आणि वाटेत एकदाही डोळे मिटले नाहीत. पण पोटातून वर उठून टाळूला जाऊन धडकणारा जो गोळा त्या झोक्यावर उठायचा, तो पुन्हा कुठं उठला नाही. म्हणून ती एक पंचमी सांगते. काही कमी-जास्त झालं तर पोटात घाला.

झाड होतं कडुलिंबाचं. आमच्याकडं नुसतं लिंबच म्हणतात. गावाबाहेर, पेडगावच्या गाडीवाटेला. चार बायांनी हात धरून बुंध्याला मिठी मारली तर पाचवीला हाक मारावी लागे, आणि बुंधा असा सरळसोट की मुंगी चढताना दोनदा विश्रांती घ्यायची. पंचमीच्या आदल्या दिवशी गडीमाणसं कडब्यानं शिगोशीग भरलेली गाडी झाडाखाली लावत, तिच्यावर शिडी उभी करत आणि आडव्या फांदीला नाडा बांधत. नाडा म्हणजे विहिरीवरच्या मोटेचा दोर, मनगटाएवढा जाड. श्रावणात मोट बंदच असते, त्यामुळं नाडा रिकामा. खाली दोन्ही टोकांना फळी बांधली की झोका तयार. मग गाडी घरी जायची, आणि दुसऱ्या दिवशी त्या झाडाखाली राज्य बायकांचं. पुरुष पेडगावला कुस्त्या बघायला जात. उरत ते दोन-तीन म्हातारे, आणि त्यांनाही वर बघायची बंदी.

निजामाचं राज्य जाऊन तेव्हा तीन-चार वर्षं झाली असतील. त्याआधीच्या धामधुमीत दोन पंचम्या आमच्या लिंबाला दोर लागला नव्हता. बाया दिवसासुद्धा गावाबाहेर जात नसत. कुणी घोड्यावरून आलं म्हटलं की दारं लागायची आणि आम्ही पोरी कणगीच्या मागं गपगार बसायचो. ती भीती मला ठाऊक आहे. ती दारातून आत येते आणि तुम्हाला विचारत नाही. झोक्यावरची भीती वेगळी. ती आपण आपल्या हातानं बांधतो, आपल्या पायानं चढवतो, आणि नको झाली की गुडघे ढिले सोडून उतरवतो. दोन वर्षं कणगीमागं बसलेल्या पोरींना मग किती उंच जावंसं वाटलं असेल, याचा हिशोब तुम्हीच करा. त्यात आम्ही सासुरवाशिणी. वर्षभर पदर पुढं ओढून जमीन बघायची. चुलीपुढची जमीन, विहिरीवरची जमीन, सासऱ्याच्या जोड्यापुढची जमीन. माझ्या सासरच्या अंगणात किती खडे आहेत हे मला पाठ होतं, पण घराला धाबं कसलं आहे हे दीड वर्षात नीट दिसलं नव्हतं.

तर मी लग्न होऊन दीड वर्षाची नवरी. पहिल्या पंचमीला सासूबाईंचं अंग दुखलं, म्हणून मला पाठवलं नाही. दुसऱ्या पंचमीला माझा भाऊ मूळ घेऊन आला, म्हणजे मला न्यायला, तर सासूबाईंनी त्याला गूळपाणी दिलं, जेवू घातलं आणि निघताना मला उंबऱ्यात थांबवलं.

"झोक्यावर बसायचं न्हाई."

"न्हाई बसत."

"शेजारची सून मागल्या साली हात मोडून आली. तीन महिने तिची सासू भाकरी थापत होती. मला कानावर आलं ना, तर पुढल्या पंचमीला मूळ आलं तरी मुराळी रिकामाच जाईल. मग बस इथंच दिंडं उकडत."

मी मान हलवली. पदरामुळं मान हो हलली की नाही हलली हे त्यांना दिसलं नाही, आणि मीही स्पष्ट करून सांगितलं नाही.

पंचमीच्या दिवशी वारुळाला जाऊन आलो, दुपारी पुरणाची दिंडं खाल्ली, आणि लिंबाखाली जाऊन मी हातावर हात ठेवून बसले. खरंच बसले. अशी किती वेळ बसले असेन? एवढंच सांगते, की एक कावळा उडून जेवढ्या वेळात दुसऱ्या फांदीवर बसतो, त्याच्या निम्मा वेळ. मग माझी जोडीदारीण आली. शेजारच्या घरातली, माझ्याच वर्षी लग्न होऊन गेलेली, आणि दिसायला गरीब पण जिभेला धार.

"काय गं, सासरी पाय गहाण ठेवून आलीस का?"

"सासूनं शपथ घातलीय."

"कसली?"

"झोक्यावर बसायचं न्हाई म्हून."

"मग बसू नको की. उभी राहा."

मी कासोटा घट्ट खोचला, पदर कमरेला बांधला आणि फळीवर उभी राहिले. ती माझ्याकडं तोंड करून समोर उभी राहिली. आधी तिनं गुडघे मोडून रेटा दिला, मग मी, मग ती. पहिल्या दहा हेलकाव्यांत लिंबाच्या सावलीबाहेर गेलो, विसांत कापसाचं रान दिसायला लागलं, आणि तिसांत मानवतच्या जिनिंगची धुरांडी. त्याच्या पुढच्या झोक्याला मला चारठाण्याच्या देवळांचे खांब दिसले आणि मी ते मोजत होते तेवढ्यात झोका मागं आला. आता कुणी म्हणेल चारठाणा कुठं, तुमचं गाव कुठं. मी म्हणते, तुम्ही तेव्हा वर होता का?

आमच्या गावची पैज अशी की झोका चढवायचा आणि आडव्या फांदीच्या बरोबरीनं येणाऱ्या डहाळीचा पाला दातानं तोडून खाली आणायचा. हातानं तोडला तर धरत नसत. कडू पाला तोंडात धरून खाली यायचं, थुंकायचं नाही, आणि खाली बसलेल्या थोरल्या आत्याच्या हातात टाकायचा. ही माझ्या वडिलांची बहीण. कपाळ मोकळं, डोळे घारे, आणि कोणत्या दिवशी काय चालतं नि काय चालत नाही याचा गावातला शेवटचा शब्द तिचा. तहसीलदारानं हुकूम काढला तरी लोक आधी तिला विचारत.

जोडीदारणीनं पाला तोडला. लगेच म्हणाली, "बास, उतरू." मी म्हणाले, "तू उतर." झोका जरा मंद केला, ती खाली उडी मारून बाजूला झाली, आणि मी एकटीनं पुन्हा चढवायला घेतला. एकटीचा झोका हलका असतो. तो ऐकत नाही. पाचसात रेट्यांत मी डहाळीपाशी. पाला ओठाला लागला. पण हा तर सगळ्याच तोडतात. त्याच्या वर दोन फांद्यांची एक बेचकी होती आणि बेचकीत कोवळ्या, तांबूस पाल्याचा झुबका. आजवर तो कुणी खाली आणलेला नव्हता. मी आणखी एक रेटा दिला, झोका गेला तो असा गेला की दोर क्षणभर ढिले पडले. मी अधांतरी. पोटातला गोळा टाळूला लागला, आणि त्या घाईत मी काय केलं असेल तर दोन्ही दोर सोडून फांदीला मिठी मारली.

पाल्याचा झुबका तोंडात आला. झोका माझ्याशिवाय मागं गेला. जाऊन पुन्हा आला तो मोकळा, वारा प्यालेल्या खोंडासारखा. फांदीवरून उलटा गेला, दोनदा गुंडाळला आणि फळी येऊन माझ्या शेजारी बेचकीत अडकली. आता मी वर, झोका वर, आणि खाली उतरायला लोंबतं असं काही नाही.

खाली गलका झाला. मी फांदीवर घोड्यावर बसावं तशी बसून झुबका तोंडात धरून होते, म्हणून मला बोलता येईना. शेवटी जोडीदारीण ओरडली, "थुक की आता." मी थुंकले नाही. गिळला. पैजेत गिळलेला धरतात की नाही यावर नंतर वर्षभर वाद होता.

"गाडी आणा कडब्याची," कुणी म्हणालं.

आत्या म्हणाली, "आज बैल जुंपत न्हाईत."

हे खरंच होतं. पंचमीला नांगर नाही, गाडी नाही, जमिनीत फाळ नाही.

मी फळीची गाठ बघितली. दोराचं एक टोक फळीपासून सुटलं असतं तर दोर सरळ खाली लोंबला असता, आणि मी धरून घसरत आले असते. पण आदल्या रात्री झिमझिम झालेली, वर माझ्या वजनाचे हिसके. गाठ अशी आवळलेली की नखं मोडली पण तसूभर हलली नाही.

"विळा फेका," मी म्हणाले. "चिंधीत गुंडाळून फेका, मी झेलते."

एक पोरगी घराकडं पळणार तोच आत्यानं तिचा पदर धरला. "कामून पळायलीस? आज विळा हातात धरत न्हाईत. चिरायचं न्हाई, कापायचं न्हाई. भाजीसुद्धा चिरली न्हाई आज, दोर कापायलेत."

"आत्या, मी वर हाय."

"दिसायलंय मला. तुला कुणी सांगितलं होतं जायला."

"मग मी काय उद्यापर्यंत बसू?"

"उद्या सकाळी सूर्य निघाला की विळा धाडते. रात्री घोंगडं वर टाकू."

ती थट्टा करत नव्हती. मग जोडीदारणीलाच सुचलं. "आत्या, दातानं चालतं का?"

असा प्रश्न गावात पूर्वी कुणी विचारला नसावा. आत्यानं डोळे मिटले. एक म्हातारी म्हणाली, दातानं तोडणं हेही कापणंच. दुसरी म्हणाली, मग दुपारी आपण दिंडं काय न चावता गिळली? बराच खल झाला. मी वर बसून ऐकत होते, आणि माझ्या मांडीखालून मुंगळे ये-जा करत होते. शेवटी आत्यानं डोळे उघडले.

"दातानं करणं म्हंजे खाणं. खाण्याला पंचमीला बंदी न्हाई. खा."

मी दोर खायला लागले. अंबाडीचा दोर, विहिरीचं पाणी पिऊन पिऊन आतून चामड्याच्या वादीसारखा चिवट झालेला. एक पीळ तोडायला मला जेवढा वेळ लागला तेवढ्यात बाईनं पायलीभर ज्वारी दळून टाकली असती. दोन पीळ झाले. तिसऱ्याला घेतलं, आणि दम खायला मान वर केली तर गाडीवाटेवर दूर पांढरा ठिपका.

ठिपका मोठा झाला. तट्टू. पांढरं तट्टू या टापूत एकच, आणि त्याच्यावर लाल पटका. माझे सासरे.

पोळा जवळ आलेला. माझ्या वडिलांनी बैल विकायचा म्हणून कुणाकडून निरोप पाठवला होता, त्यासाठी ते आले होते. हे मला मागून कळलं. त्या वेळी मला एवढंच कळलं की पुढची पंचमी गेली, आणि त्याच्या पुढचीही गेली, आणि मी म्हातारी होईपर्यंतच्या सगळ्या पंचम्या एका रांगेत उभ्या राहून माझ्याकडं बघायल्यात.

आधी पदर. सासरे समोर आणि सुनेचं डोकं उघडं, हे तर झाडावरसुद्धा चालत नाही. पदर कमरेचा सोडला तर एक हात त्याला लागे, दुसरा फांदीला, मग दोर कशानं धरायचा? मी पदर डोक्यावर घेतला, टोक दातात धरलं. मग दोर खाता येईना. पदर सोडला की तोंड मोकळं, तोंड मोकळं केलं की डोकं मोकळं. असं मी तीनदा केलं तोवर तट्टू झाडाखाली.

सासरे उतरले. बायांनी पदर सावरले आणि सगळ्या एकदम खाली बघायला लागल्या. सगळ्या खाली बघतात म्हटल्यावर शहाणा माणूस वर बघतो.

"वर काय हाय?" त्यांनी विचारलं.

"वानर," आत्या म्हणाली.

सासऱ्यांनी एकदाच वर नजर टाकली आणि लगेच झाडाकडं पाठ केली. "वानरानं मी मानवतहून आणलेलं हिरवं लुगडं नेसलंय."

कुणी हसलं नाही. एक बाई खोकली. हसूच खोकल्यातून बाहेर काढलं तिनं.

"आमच्या घरून काय सांगून धाडलं होतं, ते इचारा तिला."

आत्यानं वर तोंड केलं, जसं काही मला ऐकू आलंच नव्हतं. "तुझे मामंजी इचारायलेत, सासूनं काय सांगितलं होतं?"

"झोक्यावर बसायचं न्हाई."

"झोक्यावर बसायचं न्हाई म्हनं," आत्यानं खाली सांगितलं. आणि स्वतःच्या पदरचं जोडलं, "ती कुठं झोक्यावर हाय? फांदीवर हाय."

सासऱ्यांनी तट्टूचा लगाम हातावर गुंडाळला. तट्टू शेपूट हलवत होतं. मग ते सावकाश म्हणाले, "मुळाची तसदी पुढल्या साली घेऊ नका. आमची सून आमच्याकडं सणाला राहील."

ते रागावून बोलले असते तर आत्या भांडली असती. ते शांतपणे बोलले. मी वरून सगळ्यांच्या माथ्यांकडं बघत होते. आणि माझ्या डोक्यात काय आलं कोण जाणे. मी मानवतच्या बाजूला बघितलं. तिकडं दोन कोसावर माझं सासर. दिसत काय होतं? हिरवं रान, धुरकट हवा, आंब्यांची एक काळी रेघ. आंबे तरी होते की बाभळी, देव जाणे. पण मी पदराचं टोक तोंडातून सोडून म्हणाले,

"आत्या, मामंजींना सांगा. आपल्या रानातल्या आंब्याखाली सालगडी झोपलाय, आन् बैल मुगात शिरलेत."

खाली बघत असलेल्या सगळ्या बायांनी एकदम वर तोंड केलं.

सासरे मागं वळले नाहीत. पण त्यांचा पटका हलला. "तिथनं दिसतं?"

"इथनं दिसतं का इचारायलेत," आत्या म्हणाली.

"दिसायलंय. मूग खायलेत."

"दोन्ही बैल का एक?"

"एक. बांडा."

हे मी बघून बोलले नव्हते. त्या घरात दीड वर्ष राहिले होते म्हणून बोलले. मालक घराबाहेर पडले की सालगड्याची मान आंब्याच्या मुळावर टेकायची, आणि बांड्याचा पाय मुगाकडं वळायचा. दुसरा बैल गरीब होता, त्याच्यावर आळ घेणं जिवावर आलं.

"बांडाच असंल," सासरे स्वतःशीच म्हणाले. "त्योच आगाव हाय." आणि रिकिबीत पाय.

"अवो, मुळाचं काय ते सांगून जा," आत्या तट्टूच्या तोंडापुढं उभी राहिली. या बाईनं रझाकारांच्या दिवसांतसुद्धा कुणाला वाट सोडली नव्हती.

"आधी मूग बगतो," ते म्हणाले, आणि बैलाचा सौदा न करताच आल्या पावली धूळ उडवत गेले.

मी उरलेला दोर कसा खाल्ला ते सांगत नाही. शेवटचा पीळ तुटला, टोक सळकन खाली गेलं, आणि दोर धरून मी अशी घसरले की तळहातांना जळका वास यायला लागला. खाली आल्यावर बायांनी घेरलं. कुणी विचारत होतं दुखलं का, कुणी विचारत होतं वरून आमचं शेत दिसलं का. जोडीदारीण एवढंच म्हणाली, "खरं दिसलं का गं?" मी म्हणाले, "दिसलं." पहिलं खोटं सांगायला जिवावर येतं, दुसरं सोपं जातं.

चार दिवसांनी भावानं मला सासरी सोडलं. त्या दोन कोसांत मी आयुष्यातले सगळे देव आठवले. सासूबाई उंबऱ्यातच होत्या. त्यांना सगळं कळलेलं. हात कमरेवर, डोळे माझ्या तळहातांवरच्या फोडांवर. "ये," म्हणाल्या, "आता पुढल्या पंचमीला काय करायचं ते मीच..."

ओसरीतून सासऱ्यांचा आवाज आला. "तिला आत येऊ दे."

मग ते भिंतीशी बोलल्यासारखं बोलले. त्या दिवशी ते तट्टू दामटत रानात गेले, तर सालगडी आंब्याखाली घोरत होता आणि बांडा मुगात गुडघाभर उभा. मी खोटं बोलले होते. खोटं इतकं हुबेहूब खरं निघालेलं बघून माणूस घाबरतो, ते त्या दिवशी कळलं. सालगड्यानं मला कधी माफ केलं नाही. त्यानंतर तो झोपायचा तर छपरात झोपायचा, उघड्यावर नाही. आणि वाटेनं लिंबाचं झाड दिसलं की मान वर करून बघायचा.

पुढल्या श्रावणात मूळ यायच्या आधीच सासऱ्यांनी गाडी जुंपली. पंचमीच्या दोन दिवस आधी मला स्वतः माहेरी घेऊन आले, आणि परत गेले नाहीत. पंचमीला आमच्या लिंबाखाली येऊन बुंध्याकडं पाठ करून उभे राहिले. मी फळीवर चढले. आत्या मध्ये. जोडीदारणीनं रेटा दिला, रान पायाखाली पसरलं, आणि खालून निरोप वर आला.

"मामंजी इचारायलेत, शेजाऱ्यानं आपला बांध कोरलाय का बग."

झोका एकदा जाऊन आला. मी नीट बघितलं. धुरकट हवा, काळी रेघ, त्याच्यापुढं काही नाही. झोका आणखी एकदा जाऊन आला. खाली सासरे कान टवकारून उभे होते, आणि सासूबाईंनी मला पंचमीनंतर तिसऱ्याच दिवशी परत बोलावलं होतं.

"आत्या," मी म्हणाले, "आज धुकं लय हाय. चांगलं सात-आठ दिवस बगावं लागंल."